तुम्ही पाहिलेला ‘मेट्रोपोलिस’ कोणता?

आवडत्या विज्ञानपटांची यादी निघाली की दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट तिच्यात हमखास असतो. पण दोघांनी तो पाहिलाय म्हणून दोघांनी एकच सिनेमा पाहिलाय, असं धरून चालता येत नाही.

10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये त्याचा पहिला खेळ झाला, तेव्हा फिल्मची लांबी 4189 मीटर होती. 35 मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी बसतात. म्हणजे सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने हा सिनेमा 153 मिनिटं चालतो आणि 20 च्या वेगाने 183. म्हणून मूकपटाची प्रत पुरी आहे की कापलेली, हे मिनिटांवरून ठरवण्यात अर्थ नसतो. मीटर मोजावे लागतात.

निर्मिती करणारी ऊफा कंपनी कर्जात होती आणि 1925 च्या अखेरीस तिने पॅरामाउंट व एमजीएम या अमेरिकी कंपन्यांकडून पैसे घेतले होते. अमेरिकेतलं वितरण पॅरामाउंटच्या हाती आलं आणि तिथे चॅनिंग पोलॉक या नाटककाराने सिनेमा नव्याने जुळवला. सगळ्यात मोठा घाव ‘हेल’ या नावावर पडला. हेल ही नगराधिपती फ्रेडरसनची मृत पत्नी; शास्त्रज्ञ रोटवांगचंही तिच्यावर प्रेम होतं आणि यंत्रमानव तो तिच्यासाठीच घडवतो. इंग्रजी कानाला हे नाव ‘नरक’ असं ऐकू येणार, म्हणून हेलचं सगळं प्रकरणच काढलं. मग रोटवांग उरला तो उगाच खुनशी, वेडा शास्त्रज्ञ. पुढे जर्मनीतही 1927 च्या ऑगस्टमध्ये 3241 मीटरची कापलेली प्रतच दाखवली गेली. कथा ढिसाळ असल्याची तक्रार बरेच जण याच प्रती पाहून करत आले. (तरी सगळा दोष कात्रीचा नाही. ‘डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय हवं’, म्हणजे मालक आणि कामगारांना जोडणारा कुणी हवा, हा भाबडा तोडगा थेआ फॉन हारबोच्या मूळ पटकथेतलाच.)

आणखी एक गुंता असा, की तेव्हा निगेटिव्हवरून (प्रती छापण्याच्या मूळ फिल्मवरून) चांगली दुय्यम निगेटिव्ह, म्हणजे तिची नक्कल, काढता येत नसे. म्हणून जर्मनी आणि निर्यात यांच्यासाठी मिळून तीन निगेटिव्ह तयार झाल्या. शेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्याचा कोन निराळा, कधी अख्खा टेकच निराळा. त्यामुळे हरवलेला शॉट दुसऱ्या देशाच्या प्रतीतून आणला तरी तो तंतोतंत तोच असेल, याची खात्री नसते.

1980 च्या दशकात म्युनिकमध्ये चित्रपट-अभ्यासक एन्नो पाटालास यांनी मूळ क्रम शोधायला घेतला. दोन कागदी आधार कामी आले : सेन्सॉरच्या नोंदीत उतरवलेला पाट्यांचा (मूकपटात मधेमधे येणाऱ्या लिखित संवादांचा) मजकूर आणि सिनेमाचा संगीतकार गॉटफ्रीड हुपेर्ट्झची पियानोची स्वरलिपी. तिच्यात पडद्यावर काय चाललंय याच्या हजारावर खुणा आहेत. त्याच दशकात, 1984 मध्ये, संगीतकार जॉर्जियो मोरोडरने रंग आणि पॉप गाणी चढवून दीड तासाच्या आतली आवृत्ती काढली. ती मौजेची आहे, पण मूळ सिनेमा म्हणून पाहू नये.

2008 साली ब्यूनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात 16 मिमीची दुय्यम निगेटिव्ह सापडली. ती कात्री लागण्याआधीच अर्जेंटिनात गेलेल्या प्रतीवरून उतरवलेली होती. उतरवताना मूळ प्रत नीट साफ केली गेली नव्हती. तिच्यावरचे ओरखडे आणि तेलाचे डाग चित्रातच छापले गेले. ते मग संगणकावरही पूर्ण पुसता आले नाहीत. शिवाय चौकटीच्या कडेचा भाग कापला गेला होता. हे तुकडे घालून जुळवलेल्या 2010 च्या सुमारे 148 मिनिटांच्या आवृत्तीत चित्र एकदम पावसाळी (ओरखड्यांनी भरलेलं) आणि आकाराने लहान झालं, कडेला काळी पट्टी दिसली, की तो अर्जेंटिनातून आलेला तुकडा समजावा. पाळत ठेवणारा ‘द थिन मॅन’ आणि 11811 क्रमांकाचा कामगार यांचे धागे त्यामुळेच जुळले. दोन प्रसंग मात्र त्या प्रतीतही नव्हते : चर्चमधलं संन्याशाचं प्रवचन, आणि फ्रेडरसन व रोटवांग यांची झटापट, जिच्या गडबडीत नायिका मारिया निसटते. ते आजही पाटीवर वाचूनच समजून घ्यावे लागतात.