न विणता बनणारं कापड, आणि त्याचं घर

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात मशीनला लावला की तो आटतो, जाड होतो, मग कितीही ताणा, परत पहिल्यासारखा होत नाही. मंगोलियातले पशुपालक हेच मुद्दाम करतात आणि त्याच्यातून चक्क घर उभं करतात.

आधी एक करून बघा. डोक्यावरचा एक लांब केस चिमटीत धरा आणि लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. तो एकाच बाजूला सरकत जातो, मुळाच्या बाजूला. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात ना, त्यांची तोंडं टोकाकडे, म्हणून उलटं जाता येत नाही. मेंढीच्या लोकरीलाही असेच खवले, त्यात ती कुरळी, मग ओली करून दाबली, घोळली की प्रत्येक तंतू शेजारच्यांमध्ये घुसत जातो आणि तिथेच अडकतो. सूत नाही, माग नाही, डिंकही नाही. आपली घोंगडी मागावर विणतात, इथे विणणंच नाही. हा नमदा, मंगोल भाषेत एस्गी.

लोकर काठ्यांनी झोडपून मोकळी करतात, जुन्या नमद्यावर थरावर थर पसरतात, पाणी शिंपडतात आणि सगळं एका दांड्याभोवती घट्ट गुंडाळून, कातड्यात बांधून घोड्याच्या मागे माळावर ओढत नेतात. त्या लोळण्यातच दाब मिळतो. खालच्या जुन्या नमद्याला ते 'आई' म्हणतात आणि नव्या नमद्याला तिची मुलगी, मला तर हे फारच आवडलं.

त्यांच्या घराला गेर म्हणतात. लाकडी जाळीची घडी होणारी भिंत, वर गोल तोनो, म्हणजे उजेडाची आणि धुराची वाट, आणि भोवती नमदा. बाहेर थंडी उणे 40 अंशापर्यंत जाते, तेव्हा नमद्याचे थर वाढवतात. ऊब खरं तर लोकर देत नाही, तंतूंमध्ये अडकलेली हवा देते, ती हलत नाही म्हणून आतली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही. उन्हाळ्यात खालची कड वर उचलली की वारा खेळतो. मुक्काम हलवायचा तर काही तासांत सगळं उतरवून उंटावर किंवा आता ट्रकवर, कारण विटा-सिमेंट काही नाहीच. गेर बांधायची ही कारागिरी 2013 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

आणि हे किती जुनं? सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिकच्या थडग्यांमध्ये पाणी शिरून गोठलं होतं, त्या बर्फात सव्वादोन हजार वर्षांहून जुना नमदा टिकून राहिला. त्यातले नमद्याचे हंस आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत, माना अजून ताठ.