सहभागी चित्रपटप्रदर्शन

सहभागी चित्रपटप्रदर्शन : पडद्यावरील चित्रपटाइतकेच प्रेक्षकांनी ठरावीक जागी दिलेल्या आरोळ्या, फेकलेल्या वस्तू, म्हटलेली गाणी आणि पडद्यासमोर केलेला अभिनय यांनाही ज्यात खेळाचे आवश्यक अंग मानले जाते, असे चित्रपटप्रदर्शन. प्रथम प्रदर्शनात फारसे यश न मिळालेल्या, परंतु थोड्या निष्ठावान चाहत्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेल्या चित्रपटाभोवती हा प्रकार बहुधा वाढतो. केवळ शिट्ट्या आणि टाळ्या म्हणजे या अर्थाने सहभाग नव्हे. प्रेक्षकांना प्रतिसाद पाठ असणे आणि चित्रपट आहे तसाच राहून त्या प्रतिसादाची संहिता मात्र वर्षानुवर्षे वाढत जाणे, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी प्रेक्षकाची या प्रकाराशी गाठ बहुधा शिक्षण किंवा नोकरीनिमित्त परदेशी गेल्यावरच पडते. तथापि प्रेक्षकाने खेळात आपला आवाज मिसळावा, ही कल्पना त्याला मुळीच अनोळखी नसते.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तिचा आरंभ मूकपटांच्या काळापर्यंत मागे नेतात आणि शब्दांवरून उड्या मारणाऱ्या चेंडूच्या साहाय्याने प्रेक्षकांकडून गाणी म्हणवून घेणाऱ्या फ्लायशर बंधूंच्या व्यंगपटांचा (१९२४ पासून) दाखला देतात. दुसरे मत केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील ब्रॅटल चित्रपटगृहाला अग्रमान देते. तेथे १९५७ पासून हंफ्री बोगार्टच्या जुन्या चित्रपटांच्या खेळांना हार्वर्डचे विद्यार्थी गर्दी करीत आणि पाठ झालेले संवाद नटाबरोबर म्हणत. तिसरे मत न्यूयॉर्कच्या एल्गिन चित्रपटगृहात डिसेंबर १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘एल टोपो’च्या मध्यरात्रीच्या खेळांपासून गणना करते. या तिसऱ्या मतात मध्यरात्रीच्या खेळाची परंपरा आणि सहभागाची परंपरा यांची गल्लत झालेली दिसते, कारण एल्गिनचा प्रेक्षक चित्रपट तन्मयतेने पाहत असला तरी त्याच्याशी बोलत नव्हता. ब्रॅटलचे विद्यार्थी बोलत होते, पण चित्रपटातलेच संवाद बोलत होते. स्वतःची भर घालीत नव्हते. म्हणून आजच्या रूपातील प्रथेचा आरंभ ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ या चित्रपटापासून मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या वरच्या छोट्या सभागृहात १९७३ मध्ये आलेल्या रिचर्ड ओब्रायन यांच्या संगीतिकेवरून तो १९७५ मध्ये तयार झाला. लॉस एंजेलिसचा अपवाद वगळता त्याला प्रेक्षक लाभला नाही आणि १ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील वेव्हर्ली चित्रपटगृहात तो मध्यरात्रीच्या खेळांसाठी लावण्यात आला. चाहत्यांच्या संघटनेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले सॅल पिरो यांनी नोंदविलेल्या इतिहासानुसार पडद्याला उद्देशून मारलेली पहिली आरोळी त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमाराची असून, पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालणाऱ्या नायिकेला एका शिक्षकाने छत्री विकत घेण्याचा सल्ला दिला, तो तिचा विषय होता. लॉस एंजेलिसमध्ये तेच ते प्रेक्षक पुन्हा येऊन गाणी म्हणत, असेही सांगितले जाते. परंतु तो प्रकार ब्रॅटलच्या जातीचा आहे.

विशेष म्हणजे १९७५ याच वर्षी भारतात ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला आणि अनेक ठिकाणी प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जाऊ लागले व आरतीच्या वेळी पडद्यावर फुले आणि नाणी वाहू लागले. वस्तू फेकणे आणि गाणे या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. मात्र ती पूजा होती. पडद्याशी केलेला खेळकर वाद नव्हता, आणि या दोहोंना एकाच माळेत ओवणे उचित नाही.

प्रतिसादाचे तंत्र वाटते त्यापेक्षा बिकट आहे. आरोळी दोन संवादांमधील मोकळ्या जागेत बसावी लागते. प्रश्न आधी प्रेक्षकांनी विचारायचा आणि पात्राचा पुढचा संवादच त्याचे उत्तर ठरावा, ही रचना सर्वांत कसदार मानली जाते. अर्ध्या श्वासाचा उशीर झाला तरी ती फसते. शहरागणिक आरोळ्यांचे पाठ वेगळे असतात आणि स्थानिक राजकारणाच्या ओघात ते बदलतात. वस्तूंचेही असेच. ‘रॉकी हॉरर’मध्ये आरंभीच्या लग्नप्रसंगी तांदूळ उधळतात. पावसाच्या प्रसंगी मागच्या रांगांतले लोक पिचकाऱ्यांनी पाणी उडवतात, पुढचे लोक वर्तमानपत्राची घडी उलगडून डोक्यावर धरतात आणि पाच मिनिटांत ओल्या कागदाची शाई बोटांना लागते. दूरच्या दिव्याचे गाणे सुरू होताच सभागृहभर बॅटऱ्या पेटतात. पूर्वी लायटर पेटत. डॉक्टरचे सोंग घेतलेले पात्र रबरी हातमोजा ताणून सोडते, तेव्हा शेकडो हातमोजे त्याच क्षणी वाजतात. पडद्याखाली चाहत्यांचाच एक संच तसाच वेष करून, ओठ हलवीत, प्रत्येक हालचाल तंतोतंत साकारतो. आगीच्या भीतीने व साफसफाईच्या त्रासामुळे अनेक चित्रपटगृहांनी लायटर, पाणी आणि तांदूळ यांना बंदी केली आहे. तांदळाची जागा ज्याला सांगावी लागणार नाही, असा प्रेक्षक आपल्याकडचाच : मंगलाष्टकातील ‘सावधान’ ऐकताच अक्षता टाकणाऱ्या हाताला इशारा आणि कृती यांचे नाते लहानपणीच कळलेले असते.

पहिल्यांदा येणाऱ्या प्रेक्षकाला या प्रथेत स्वतंत्र स्थान आहे. खेळापूर्वी नवागतांना उभे करतात, गालावर किंवा कपाळावर लिपस्टिकने इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर (‘व्हर्जिन’, म्हणजे येथे नवागत) काढतात आणि काही ठिकाणी मंचावर बोलावून त्यांच्याकडून एखादा छोटा खेळ करवून घेतात. अलीकडे बहुतेक गट त्यासाठी आधी संमती विचारतात, आणि ते योग्यच आहे. नवागताने चित्रपट आधी पाहून यावे की कोरे यावे, याबद्दल जुन्या चाहत्यांत मतभेद आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने कथानक वाचून जाणे श्रेयस्कर दिसते, कारण आरोळ्यांमुळे मूळ संवाद ऐकू येत नाहीत आणि बोलभाषेतील, बहुतांशी अश्लील श्लेषांची इंग्रजी शालेय इंग्रजीपेक्षा फार निराळी असते. आरोळ्या मात्र पाठ करून जाऊ नये. त्या शेजाऱ्याकडून कानावर पडाव्यात, यातच प्रथेचा जीव आहे. ‘रॉकी हॉरर’ हा चित्रपट प्रौढांसाठी आहे. त्यातील स्त्रीवेषधारी नायकामुळे सत्तरच्या दशकात समलिंगी तरुणांना ही सभागृहे आपली वाटली, आणि प्रथा टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. बालगंधर्वांना स्त्रीभूमिकेत डोक्यावर घेतलेल्या आणि सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जोगप्पांना नमस्कार करणाऱ्या प्रदेशातील माणसाला पुरुषाच्या अंगावरील स्त्रीवेष नवा नाही, जरी या तिन्ही ठिकाणचा भाव वेगवेगळा असला.

सीमाभागातील प्रेक्षकसहभागाची मुळे चित्रपटाहून जुनी आहेत. गोकाक, बागलकोट परिसरात रात्रभर रंगणाऱ्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्यात सूत्रधार भागवत आणि दूती यांच्या हजरजबाबी बोलण्याला समोर बसलेले लोक दाद देतात आणि ती दाद पाहून नट प्रसंग लांबवतात. या खेळाची संहिता अपराळ तम्मण्णा यांची की कुलगोड तम्मण्णा यांची, याविषयी वाद आहे. रचना पहिल्यांची आणि तिला रंगरूप दुसऱ्यांचे, हे मत बहुतेक अभ्यासक स्वीकारतात आणि तेच ग्राह्य वाटते. मराठी बाजूने संगीत नाटकातला वन्समोअर आहे. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा (१८४३). वन्समोअरला नट मान देतो, पारिजातातली दूती उलट उत्तर करते. चित्रपट यांपैकी काहीच करू शकत नाही, आणि पडद्याखालच्या संचाची गरज नेमकी येथेच निर्माण होते.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, पण चित्रपटांच्या वितरणात हा भाग मुंबई विभागाशी जोडलेला राहिला. त्यामुळे ग्लोब, चित्रा, प्रकाश यांसारख्या एकपडदा टॉकीजच्या प्रेक्षकाला मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही चित्रपटांची सवय होती. खालच्या वर्गातल्या शिट्ट्या, उधळलेली चिल्लर व कागदाचे कपटे यांना भाषेची सीमा नव्हती. हा प्रतिसाद उत्स्फूर्त असे आणि नव्या चित्रपटाबरोबर विरून जाई. पाठांतर घडायला एकच चित्रपट वर्षानुवर्षे ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी लागावा लागतो. बहुपडदा चित्रपटगृहांत बाहेरच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत आणि दर शुक्रवारी खेळ बदलतात. येथे असा प्रयोग करावयाचा झाल्यास महाविद्यालयाचे किंवा नाट्यसंस्थेचे सभागृह अधिक सोयीचे ठरेल. चित्रपट मात्र इंग्रजी असण्याची गरज नाही, ज्याचे संवाद बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतून सहज म्हटले जातात असा जुना हिंदी चित्रपट त्यासाठी पुरेसा आहे.