पॉरपॅक्स जर्डोनियाना

आमरी म्हणजेच ऑर्किड कुलातील, पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त तिथेच आढळणारी) असलेली एक अतिशय लहान अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पती. महाराष्ट्राच्या दक्षिण भागातील सह्याद्रीपासून केरळपर्यंतच्या दमट जंगलांत ती आढळते. झाडावर उगवते म्हणून तिला बांडगूळ समजण्याची चूक होते. बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते. ही आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते आणि पाणी मिळवते पावसातून, धुक्यातून, सालीवरच्या ओल्या शेवाळातून.

उन्हाळ्यात सालीला चिकटलेली तिची चपटी, वाटोळी आभासी कंदे (खोडाचे पाणी साठवणारे फुगीर भाग) तेवढी दिसतात. शर्टाच्या बटणाएवढ्या या चकत्यांवर तंतूंचे जाळीदार आवरण असते. कोरडे महिने त्या साठवलेल्या पाण्यावर काढतात. पावसाळा लागला की दोन इवली पाने फुटतात आणि एकच तांबूस-तपकिरी फूल उमलते. त्याची निदले (फुलाची बाहेरची दले) एकमेकांना जुळून नळी तयार होते. पाकळ्या आणि ओष्ठ (आमरीच्या फुलातली वेगळ्या आकाराची पाकळी) तिच्या आत जवळजवळ लपलेले असतात. भिंगाशिवाय या फुलाची रचना नीट कळत नाही. पाऊस सरल्यावर पाने गळून जातात.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे वर्णन ‘लायकेनोरा’ या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) केले. या नावात लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल आहे, आणि सालीवर पसरलेली ही वनस्पती पाहिली की ते नाव किती चपखल होते हे पटते. जातिनाम निसर्ग-अभ्यासक टी. सी. जर्डन यांच्यावरून आले. आमरींचे अभ्यासक रॉल्फ यांनी १९०८ मध्ये तिला ‘पॉरपॅक्स’ प्रजातीत हलवले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ढालीची मूठ असा होतो.

तिचा खरा अधिवास म्हणजे जुन्या झाडांची खडबडीत, शेवाळलेली साल. आमरीच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. नव्याने लावलेल्या झाडाच्या गुळगुळीत, कोरड्या सालीवर अशी जागा लगेच तयार होत नाही. म्हणून एक जुने झाड तोडले की त्यावरची संपूर्ण वसाहत जाते, आणि शेजारी दहा रोपे लावून ती परत येत नाही. सर्वच आमरींप्रमाणे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. तोडलेल्या झाडाबरोबर ती गेली, तर मात्र तिथे हा करार लागू पडत नाही.