'पांढरी भुकटी' एवढं पुरेसं नाही

पारदर्शक प्लास्टिकचा लायटर उजेडासमोर धरला की आत पाण्यासारखं काहीतरी हिंदकळताना दिसतं. ते मुख्यतः ब्यूटेन. आता याच ब्यूटेनची रसायन म्हणून नोंदणी करायची आहे आणि 'भौतिक अवस्था' हा रकाना रिकामा आहे, असं समजा. डोळ्यांवर विश्वास ठेवला तर उत्तर येईल द्रव. पण लिहायचं असतं वायू. लायटरमध्ये ब्यूटेन दाबाखाली कोंडलेलं आहे, म्हणून ते द्रव झालंय. मोकळ्या हवेच्या दाबाला ते उणे अर्ध्या अंशालाच उकळून जातं.

हा रकाना युरोपच्या 'रीच' कायद्यातला आहे. जून 2007 मध्ये लागू झालेला हा कायदा सांगतो की युरोपियन संघात वर्षाला 1 टन किंवा त्याहून जास्त प्रमाणात एखादं रसायन बनवायचं किंवा आणायचं असेल, तर त्याची माहिती हेलसिंकीच्या युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे आधी नोंदवा. माहिती नाही, तर बाजार नाही. या माहितीत द्रवणांक, उत्कलनांक, पाण्यातली विद्राव्यता, विषारीपणा अशा चाचण्यांची लांबलचक यादी असते. भौतिक-रासायनिक गुणधर्मांच्या भागात सगळ्यात वर एक साधी ओळ असते: 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 101.3 किलोपास्कल, म्हणजे मोकळ्या हवेचा नेहमीचा दाब असताना पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे? त्याला जोडूनच त्याचं रूप, रंग आणि वास.

बाकीच्या बहुतेक चाचण्यांना उपकरणं लागतात, दिवस जातात, पैसे जातात. इथे कुपी उघडायची आणि बघायचं. म्हणूनच ही ओळ घाईत उरकली जाते. 'पांढरी भुकटी' असं लिहून माणूस पुढच्या रकान्याकडे वळतो. माझ्या मते अख्ख्या कागदपत्रांत सर्वांत कमी लेखलेली ओळ हीच आहे, कारण पुढच्या कितीतरी चाचण्या करायच्या की नाहीत, हे तिच्यावर ठरतं.

'खोलीच्या तापमानाला' हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो, पण खोल्या सारख्या नसतात. टर्शरी ब्यूटेनॉल साधारण 25 अंशांना वितळतं. 30 अंशांच्या प्रयोगशाळेत ते बाटलीत वाहताना दिसेल, 20 अंशांच्या प्रयोगशाळेत त्याच बाटलीत स्फटिकांचा दगड झालेला असेल. शुद्ध अ‍ॅसिटिक आम्लाचा द्रवणांक 16.6 अंश. थंड गोदामातून आलेली त्याची बाटली बर्फासारखी गोठलेली असते. त्याला 'ग्लेशियल' हे विशेषण लागलं ते यामुळेच. नोंदीच्या दृष्टीने मात्र टर्शरी ब्यूटेनॉल स्थायू आणि अ‍ॅसिटिक आम्ल द्रव. नमुना 20 अंशांवर स्थिर होऊ द्यायचा, मग पाहायचं. आणि तरीही डोळा फसू शकतो. ग्लिसरॉल सुमारे 18 अंशांना गोठायला हवं, पण ते इतकं नाखुषीने गोठतं की त्याहून बऱ्याच खालच्या तापमानालाही ते द्रवच राहतं. असे अतिशीतित द्रव ओळखायचे तर नुसतं बघून भागत नाही, द्रवणांकाचा आकडा शेजारी ठेवावा लागतो.

वर्गीकरणाच्या नियमांनी म्हणूनच या तीन शब्दांना चोख व्याख्या दिल्या आहेत. 20 अंशांना आणि नेहमीच्या दाबाला जो पूर्णपणे वायुरूप असतो, किंवा 50 अंशांना ज्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, 300 किलोपास्कलच्या वर जातो, तो वायू. जो वायू नाही आणि ज्याचा द्रवणांक 20 अंश किंवा त्याखाली आहे, तो द्रव. उरलेलं सगळं स्थायू. 50 अंशांची अट वाचून आधी नवल वाटतं, पण उन्हात उभी असलेली टाकी ते तापमान सहज गाठते.

सीमारेषा किती बारीक असते ते पाहा. हायड्रोजन फ्लोराइड 19.5 अंशांना उकळतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड 20 अंशांच्या किंचित वर. एका अंशाच्या आसपासचं अंतर, पण पहिला वायू आणि दुसरा द्रव. अ‍ॅसिटाल्डिहाइडला 'अत्यंत ज्वालाग्राही द्रव' असा शिक्का मिळतो. तो वायूंच्या रकान्यात गेला असता तर त्याच्या ज्वलनशीलतेची चाचणी वेगळी, वर्ग वेगळा आणि वाहतुकीचे नियमही वेगळे.

मग ज्यांना ठरावीक द्रवणांकच नाही त्यांचं काय? घट्ट रेझिन, मेण, ग्रीस, डांबरासारखे गाळ. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 मध्ये सुरू केलेला प्रयोग इथे आठवतो. नरसाळ्यात भरलेला डांबरी पिच हातोडीने फोडला तर काचेसारखा फुटतो, आणि तोच पिच नरसाळ्यातून थेंबाथेंबाने गळतोही. नववा थेंब सुटला 2014 मध्ये. शास्त्रज्ञाला हा द्रव म्हणून मोहात पाडतो, पण नोंदणीला इतका धीर नसतो. तिच्यासाठी एक साधी, रोखठोक कसोटी आहे. नमुना बंद डब्यात 38 अंशांना ठेवायचा, झाकण काढून डबा उलटा करायचा आणि 3 मिनिटं थांबायचं. तेवढ्यात पदार्थ 50 मिलिमीटरपेक्षा जास्त ओघळला तर द्रव, नाहीतर स्थायू. मला ही कसोटी फार आवडते. द्रव म्हणजे काय, या खोल प्रश्नाला ती हातच घालत नाही. डबा लवंडला तर काय होईल, एवढंच विचारते. आणि साठवणाऱ्याला, वाहून नेणाऱ्याला नेमकं तेच माहीत हवं असतं.

'स्थायू' हा शब्द लिहून झाला की खरं काम सुरू होतं. ढेप, चकत्या, दाणे, स्फटिक, तंतू, भुकटी यांतलं नेमकं काय? अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा निरुपद्रवी असतो. त्याच अ‍ॅल्युमिनियमची अतिबारीक भुकटी हवेत आपणहून पेट घेऊ शकते, आणि युरोपच्या यादीत तिची नोंद वेगळी आहे. निकेलचंही तसंच: कणांचा व्यास 1 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पाण्यातल्या जीवांना असलेला धोका त्याच्या वर्गीकरणात वाढीव येतो, अखंड धातूला तो लागू होत नाही. मूलद्रव्य तेच, अणू तेच. फरक पडतो तो उघड्या पृष्ठभागाने. घनाचे तुकडे करत गेलं की वस्तुमान तेवढंच राहतं आणि पृष्ठभाग वाढत जातो. ऑक्सिजनला, पाण्याला, शरीरातल्या द्रवांना भिडायला तेवढी जास्त जागा मिळते.

भुकटी लिहिली की पुढचा प्रश्न येतो कणांच्या आकारमानाचा. साधारण 100 मायक्रोमीटरपर्यंतचे कण नाकातोंडातून आत जाऊ शकतात, 10 च्या खालचे छातीत उतरतात आणि 4 च्या आसपासचे व त्याहून बारीक कण फुप्फुसांच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून भुकटीसाठी कण मोजून द्यावे लागतात आणि श्वासावाटे होणाऱ्या विषबाधेचा विचार करावा लागतो. द्रवाला कण मोजायची चाचणी नसते, पण त्याचा फ्लॅश पॉइंट लागतो, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने भपकन पेटते ते. रकान्यातला एक शब्द बदलला की खालची यादी अशी सरकते.

यातून एक व्यावहारिक पेच उभा राहतो. रीचमध्ये एका पदार्थाची नोंदणी सगळे उत्पादक मिळून करतात. एक कंपनी तो गोळ्यांच्या रूपात विकते, दुसरी धुळीसारखा बारीक. सगळ्यांच्या वतीने कागद भरणाऱ्या मुख्य नोंदणीदाराने फक्त आपल्या गोळ्यांचं वर्णन लिहिलं, तर दुसऱ्या कंपनीच्या गोण्या फाडणाऱ्या कामगाराच्या धोक्याचा विचार त्या कागदांत कुठेच नसेल. म्हणून बाजारात जी जी रूपं जातात ती सगळी लिहायला हवीत. हँडबुकातून वर्णन उतरवून घेण्याची सवय इथे घातक ठरते. हँडबुकात शुद्ध पदार्थाचं वर्णन असतं. नोंदणी असते ती आपल्या पिंपात प्रत्यक्ष असलेल्या, आपल्या अशुद्धींसह बनलेल्या मालाची.

रंगाच्या बाबतीत हे फारच स्पष्ट दिसतं. ताजं शुद्ध अ‍ॅनिलीन रंगहीन असतं, हवेत राहिलं की पिवळं आणि मग तपकिरी होतं. फिनॉलचे पांढरे स्फटिक जुने झाले की गुलाबी होतात. मोरचूद निळा, पण त्यातलं पाणी तापवून घालवलं की पांढरा. निळा मोरचूद कुटला तरी फिका होतो, कारण बारीक कण जास्त प्रकाश विखुरतात. म्हणजे रंग नुसत्या रेणूचा नसतो, त्यात नमुन्याचं वय, ओलावा, अशुद्धी आणि कणांचं आकारमान हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणूनच तो उपयोगी आहे. चाचणीसाठी प्रयोगशाळेत आलेल्या बाटलीवर 'पांढरी, मोकळी वाहणारी भुकटी' असं लिहिलेलं असेल आणि आत पिवळट गठ्ठे असतील, तर पुढची एकही चाचणी सुरू करायच्या आधी फोन उचलायला हवा.

रंग बघणाऱ्या माणसावरही अवलंबून असतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. दिव्याचा प्रकाश बदलला की पिवळसर झाक दिसते किंवा लपते. जवळजवळ रंगहीन द्रवांसाठी म्हणून एक मोजपट्टी वापरतात. अ‍ॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने 1892 मध्ये पाण्याचा पिवळेपणा मोजण्यासाठी प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांची द्रावणं सुचवली. शुद्ध पाणी 0, मूळ द्रावण 500, आणि मधल्या पायऱ्या ते पातळ करून. 'किंचित पिवळट' यापेक्षा 'हेझन 40' हे कुणालाही पुन्हा पडताळता येतं.

वासाची गोष्ट वेगळी. इथे मुद्दाम हुंगायचं नाही, हा पहिला नियम. काम करताना आपसूक जाणवलेला किंवा आधीच माहीत असलेला वास लिहायचा. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण धोक्याच्या पातळीला गेलं की नाकाची त्याला ओळखण्याची शक्तीच बधिर होते. हायड्रोजन सायनाइडचा कडू बदामासारखा वास कित्येकांना जन्मतःच येत नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

आणि काही ठिकाणी डोळा पूर्णपणे थिटा पडतो. टायरमध्ये जाणाऱ्या कार्बन ब्लॅकचे दाणे चिमटीत धरता येतात, पण ते बनलेले असतात नॅनोमीटरमधल्या कणांच्या जुडग्यांचे. कणांच्या संख्येपैकी निम्मे किंवा जास्त कण 1 ते 100 नॅनोमीटरच्या टप्प्यात असतील तर तो नॅनो पदार्थ, आणि जुडग्यात अडकलेले कणही मोजायचे. 1 जानेवारी 2020 पासून रीचमध्ये अशा प्रत्येक नॅनोरूपाचं आकारमान, आकार आणि पृष्ठभागावरची प्रक्रिया वेगळी नोंदवावी लागते. इथे 'काळे दाणे' हे वर्णन खरं आहे आणि अपुरंही आहे. ते काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं.

टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगांत वापरली जाणारी पांढरी भुकटी, या सगळ्याच्या मध्यभागी उभा आहे. रंगातल्या त्याच्या कणांचा व्यास 200 ते 300 नॅनोमीटर. तेवढे कण दृश्य प्रकाश उत्तम विखुरतात, म्हणून तो झगझगीत पांढरा दिसतो. त्याहून खूप बारीक केला की सनस्क्रीनमध्ये तो जवळजवळ पारदर्शक होतो. 2020 मध्ये युरोपियन आयोगाने त्याला श्वासावाटे कर्करोगाचा संशयित ठरवलं, पण फक्त भुकटीच्या रूपात, आणि तेही 10 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण किमान 1 टक्का असतील तेव्हाच. उत्पादक न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये युरोपियन संघाच्या जनरल कोर्टाने ते वर्गीकरण रद्द केलं. त्याचं एक कारण असं: कायद्याला पदार्थाचा अंगभूत गुणधर्म हवा, आणि हा धोका तर विशिष्ट रूपातल्या, विशिष्ट आकाराच्या कणांशी जोडलेला. ऑगस्ट 2025 मध्ये वरच्या न्यायालयाने अपील फेटाळलं आणि वर्गीकरण रद्दच राहिलं. फुप्फुसाला मात्र अंगभूत काय आणि रूपामुळे काय हे कळत नाही, त्याच्यापर्यंत कणच पोचतो. त्यामुळे गोणी उघडताना आत नेमकं काय आहे, किती बारीक आहे, उडतं की नाही, हे पहिल्या रकान्यात लिहिणं आजही तेवढंच गरजेचं आहे.