व्यावसायिक क्रीडागारांचा सार्वजनिक वित्तपुरवठा

खाजगी मालकीच्या व्यावसायिक संघासाठी स्टेडियम बांधण्याचा वा त्याच्या नूतनीकरणाचा खर्च नगरपालिका, काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) किंवा राज्याने करांतून अथवा कर्जरोख्यांतून उचलण्याची पद्धत. तिचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला असून प्रस्तुत नोंद तेथपुरती आहे.

उगम : पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. लॉस अँजेल्सचे कोलिझियम (१९२३) आणि क्लीव्हलंडचे म्युनिसिपल स्टेडियम (१९३१) सार्वजनिक पैशांतून उभे राहिले, म्हणून काही जण आरंभ तेथे धरतात. परंतु कोलिझियम कोणा व्यावसायिक संघासाठी बांधलेले नव्हते. क्लीव्हलंडचा बेसबॉल संघही पुढे बरीच वर्षे बहुतेक सामने आपल्या जुन्या मैदानावरच खेळत राहिला. त्यामुळे आरंभ मिल्वॉकीपासून (१९५३) मानणे अधिक सयुक्तिक. तेथील काउंटीने बांधकाम काढले ते दुय्यम लीगच्या संघाच्या भरवशावर. ते पुरे होता होता बॉस्टनचा ब्रेव्ह्‌ज संघ तेथे आला. प्रमुख बेसबॉल लीगमधील संघाने शहर बदलण्याची सुमारे ५० वर्षांतील ही पहिलीच वेळ. १३ हंगामांनंतर हाच संघ अटलांटाच्या नव्या सार्वजनिक स्टेडियमकडे निघून गेला. इमारत शहराची, पण निघून जाण्याची मुभा संघाची, हा पुढील साऱ्या वाटाघाटींचा पाया येथेच घातला गेला.

करमुक्त रोखे : नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याजावर संघीय (केंद्र सरकारचा) प्राप्तिकर नसल्याने ते स्वस्तात विकले जातात. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने ही सवलत स्टेडियमांना मिळू नये असा प्रयत्न केला. रोख्यांतून उभ्या राहिलेल्या वास्तूचा १० टक्क्यांहून अधिक वापर खाजगी असेल आणि कर्जफेडीचाही १० टक्क्यांहून अधिक भाग खाजगी पैशांतून येत असेल, तर सवलत जाते. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात, आणि घोडे नेमके तेथेच अडले. संघाचा वापर पहिली मर्यादा ओलांडतोच. म्हणून शहरे दुसरी टाळू लागली. कर्जफेडीला लावायचे भाडे तुटपुंजे ठेवायचे आणि बाकीचा हप्ता विक्रीकरातून किंवा हॉटेलच्या खोल्यांवरील करातून भरायचा. करदात्याला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यानेच बोजा त्याच्याकडे सरकवला, हे शोचनीय आहे.

परिणाम : रोजगार व व्यापार वाढतो, हा समर्थकांचा मुख्य दावा. रॉजर नोल, अँड्र्यू झिंबालिस्ट आदी अर्थशास्त्रज्ञांना तो पुराव्यावर टिकणारा वाटत नाही. सामन्यावर खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच शहरातील इतर करमणुकीकडून वळलेला असतो, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्य दिसते. शहराचा अभिमान व प्रेक्षकांचा आनंद यांचे मोल निराळे. ते पैशांत मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत.

सिअ‍ॅटलचे किंगडोम हे स्टेडियम १९७६ मध्ये खुले झाले आणि २६ मार्च २००० रोजी स्फोटकांनी सुमारे १७ सेकंदांत जमीनदोस्त करण्यात आले. त्याचे कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होते.

अलीकडील व्यवहारांत लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी (२०२०) हॉटेल-करातून ७५ कोटी डॉलर, तर बफेलोतील नव्या स्टेडियमसाठी राज्य व काउंटी मिळून ८५ कोटी डॉलर मंजूर झाले. मिसूरीतील जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी एप्रिल २०२४ मध्ये असा विक्रीकर फेटाळला.