बंदर आणि बेट: मुंबईभोवतीच्या तहांची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या राजाला मुंबई हुंड्यात मिळाली, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. वाक्य खरं आहे, पण त्यातल्या ‘मिळाली’ या शब्दात साडेतीन वर्षांहून मोठी हुज्जत दडली आहे. तह जून 1661 चा. बेट ताब्यात आलं ते फेब्रुवारी 1665 मध्ये.

मुळात ज्यांनी हुंडा दिला, त्यांनाही ही बेटं तहातूनच मिळाली होती. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने मित्र शोधत होता. 23 डिसेंबर 1534 रोजी ‘सांव मातेउश’ या जहाजावर त्याने वसई आणि तिच्याखालची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. शिवाय तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी आधी वसईत येऊन परवाना घ्यायचा, हेही कबूल केलं. मुंबई त्या यादीतलं एक किरकोळ नाव होतं. महत्त्व वसईला होतं.

सव्वाशे वर्षांनी पोर्तुगालची पाळी आली. एकीकडे स्पेन उरावर बसलेला, दुसरीकडे डच एकेक ठाणं गिळत चाललेले. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्न ठरलं. त्यात आफ्रिकेच्या वायव्य टोकावरचं टँजियर, वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) आणि ‘मुंबईचं बंदर आणि बेट’ द्यायचं ठरलं. बदल्यात भारतातल्या पोर्तुगीज ठाण्यांना डचांपासून संरक्षण हवं होतं. अकराव्या कलमात बंदर व बेट, त्यासोबतचे सगळे हक्क, उत्पन्न आणि त्याला जोडलेला मुलूख, असे शब्द पडले. पुढची सगळी भांडणं या ‘जोडलेला’वर झाली. लिस्बन-लंडनमध्ये कलम लिहिणाऱ्यांना माहीम कुठे आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट) कुठे याचा पत्ता असेल, असं वाटत नाही.

सप्टेंबर 1662 मध्ये इंग्रजी आरमार आलं, सोबत मुंबईचा नियोजित गव्हर्नर अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे शिपाई. त्यांना माहीम, साष्टी सगळंच हवं होतं. गोव्याचा व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो म्हणाला, तुमचे कागद नीट नाहीत. तो नुसता अडवणूक करत नव्हता. इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला, असं त्याने आपल्या राजाला लिहून कळवलं होतं. सुरतेतही थारा मिळेना. शेवटी शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर माणसं घेऊन बसला आणि तापाने व उपासमारीने माणसं मरत राहिली. 1664 मध्ये तो स्वतःही गेला. ताबा मिळाला तेव्हा शिपाई शंभराच्या आसपास उरले होते.

ताबा घ्यायला आला त्याचा सचिव हम्फ्री कुक. 18 फेब्रुवारी 1665 रोजी बेटाची मालकीण दोना इनेस द मिरांडा हिच्या वाड्यात करारनामा झाला. कुक बेटावर चालला, माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर फिरला, भिंतींना हात लावला आणि हे सगळं कागदावर नोंदवलं गेलं. जमीन सोपवण्याची ही युरोपातली जुनी रीत. तो वाडा होता तिथे आज नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ तळ आहे.

पण कुकच्या हाती आलेलं बेट कागदावर फारच आखडलं होतं. माहीम वगळलं होतं आणि साष्टी-वांद्र्याकडच्या होड्यांची ये-जा मोकळी ठेवायची, अशी अट होती. कुकने सही केली आणि थोड्याच काळात माहीम, शीव, धारावी, वडाळा दाबून घेतलं. राजाला मात्र या खर्चिक दलदलीचा कंटाळा आला. मार्च 1668 च्या सनदेने त्याने बेट वर्षाला 10 पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

साष्टीची गोष्ट नेमकी उलटी. मुंबईत आधी कागद होता, जमीन मागून आली. इथे जमीन आधी घेतली, कागद मागून जमवला. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी 1737 मध्ये साष्टी आणि 1739 मध्ये वसई पोर्तुगीजांकडून जिंकली होती. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात घोळ सुरू झाला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघालंय, अशी बातमी येताच डिसेंबर 1774 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्यानंतर मार्च 1775 चा सुरतेचा तह झाला. पुण्यातून परागंदा झालेल्या राघोबादादांनी साष्टी आणि वसई लिहून दिली आणि खर्चासाठी सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवलं. ज्याच्या हाती पुण्याची सत्ताच नाही, त्याने इंग्रजांनी आधीच बळकावलेलं बेट त्यांनाच बहाल केलं! कंपनीच्या कलकत्त्यातल्या वरिष्ठ सरकारने हा तह रद्द ठरवला. पण 1776 च्या पुरंदरच्या तहात साष्टी काही सोडली नाही.

जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रज फौज मराठ्यांच्या कोंडीत सापडली. 1773 पासून घेतलेलं सगळं परत करू, असं लिहून देऊन ती सुटली. फौज मुंबईला पोचताच, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, अशी भूमिका वरिष्ठांनी घेतली. राघोबाला तरी कुठे अधिकार होता? पण तेव्हा तो प्रश्न त्यांना पडला नव्हता. 17 मे 1782 रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यात दरम्यान इंग्रजांनी जिंकलेली वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी, घारापुरी आणि कारंजा (उरण) ही बेटं मात्र कायमची गेली.

राघोबांचा मुलगा दुसरा बाजीराव हडपसरच्या पराभवानंतर इंग्रजी जहाजातून डिसेंबर 1802 मध्ये उतरला तो याच वसईत. 31 डिसेंबरच्या तहात तैनाती फौजेच्या खर्चापोटी त्याने 26 लाख रुपये वसुलाचा मुलूख तोडून दिला. मुलूख आता बेटांनी मोजला जात नव्हता, रुपयांनी मोजला जात होता. वसई मात्र त्यात नव्हती. ती गेली 13 जून 1817 च्या पुण्याच्या तहाने, उत्तर कोकणाबरोबर.