कॅन्न्युक्कॅ : फिनलंडच्या तोंडचा मोबाइल

फिनिशमध्ये मोबाइलचा कागदोपत्री शब्द आहे 'मात्कापुहेलिन', म्हणजे प्रवासातला फोन. बोलताना मात्र बहुतेक जण 'कॅन्न्युक्कॅ'च म्हणतात.

फिनलंडमध्ये एनएमटी या नॉर्डिक देशांच्या मोबाइल सेवेचं जाळं १९८२ साली सुरू झालं. त्यावर चालणारा मोबिरा सेनेटर हा फोन सुमारे १० किलोंचा होता, त्यामुळे तो गाडीतच बसवावा लागे. १९८७ मध्ये सुमारे ८०० ग्रॅमचा सिटीमॅन आला आणि फोन हातात आला. 'कॅन्न्यु' हे हाताचं किंवा तळव्याचं लाडकं बोलीरूप. त्याला '-क्कॅ' हा प्रत्यय लागून झालेलं नाव नोकिया-मोबिराने १९८७ मध्येच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं. लोकांनी ते सगळ्याच कंपन्यांच्या फोनना लावलं. हेलसिंकीत १९८९ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह सिटीमॅनवर बोलले, तेव्हा त्याला 'गोर्बा' हे टोपणनावही पडलं. पण ते त्या एका मॉडेलपुरतंच राहिलं.

कॅन्न्युक्कॅ टिकला याचं श्रेय माझ्या मते त्याच्या बांध्याला आहे. मात्कापुहेलिनची उच्चारातली पाच अक्षरं (मात्-का-पु-हे-लिन) षष्ठीत सहा होतात, 'मात्कापुहेलिमेन'. इकडे तीनची तीनच राहतात : 'कॅन्न्युकॅन'.

या रूपात एक क गळालाय, आणि शिकणाऱ्यांची चूक नेमकी इथेच होते. प्रत्ययामुळे शेवटचं अक्षर व्यंजनाने बंद झालं की 'क्क'चा 'क' होतो : 'मोबाइलमध्ये' म्हणजे कॅन्न्युकॅस्सॅ. अक्षर उघडं राहिलं तर क्क कायम, जसं कॅन्न्युक्कॅनि, 'माझा मोबाइल'. आपल्याकडे घोडाचं घोड्याला होतं, तसंच हे सामान्यरूप समजा. फक्त इथे बदल व्यंजनात होतो. दोन रूपं वेगळी पाठ करावीत. 'मोबाइलमध्ये (आत टाकणे)' या अर्थाच्या कॅन्न्युक्कॅऽनमध्ये अक्षर बंद दिसतं, तरी क्क राहतो, कारण त्या प्रत्ययात पूर्वी 'ह' होता आणि त्यामुळे अक्षर उघडं होतं. 'आमचा मोबाइल', कॅन्न्युक्कॅम्मे, यातही क्क टिकतो.

उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर द्यायचा. 'न्यु' लिहिलंय ते निव्वळ सोयीसाठी; त्यात य नाही. जीभ 'इ'च्या जागी ठेवून ओठ 'उ'सारखे गोल करायचे. हा स्वर नीट जमायलाच हवा, कारण कॅन्न्यु हे लघुरूपही बोलण्यात चालतं. कॅन्न्युस्सॅ म्हणजे 'मोबाइलमध्ये'. ओठ गोल झाले नाहीत तर ऐकू येतं कॅन्निस्सॅ, म्हणजे 'दारूच्या नशेत'.